तेलाचा दाणा कसा भरतो?
शेततळ्यातील शेवाळ, करडईचे बोंड आणि त्यांतील विकरांचे कार्य

औसा तालुक्यातील काळ्या जमिनीस तेलबियांचे पीक नवीन नाही. रब्बी ज्वारीच्या रानाभोवती करडईच्या काटेरी ओळी पेरून जनावरांना अटकाव करण्याची रीत येथे जुनी आहे. जवसाचे तास व भुईमुगाचे वाफे येथील शेतकऱ्यांच्या परिचयाचे होते व आहेत. अलीकडील काळात खरिपाचे बहुतेक रान सोयाबीनने व्यापले असून लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या उलाढालीसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. या सर्व पिकांची खरी किंमत त्यांच्या दाण्यातील तेलात व प्रथिनांत असते. तथापि बाजारात दाणा विकला जातो तो वजनावर आणि ओलाव्यावर. त्यामुळे दाण्यात तेल केव्हा व कसे तयार होते, याचा विचार करण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर सहसा येत नाही.

तेल जमिनीतून वर चढते अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. जमिनीत तेल नसते. तेलातील कार्बन हवेतून येतो, हायड्रोजन पाण्यातून येतो आणि त्यांची जुळणी करण्यासाठी लागणारी शक्ती सूर्यप्रकाश पुरवितो. जमीन त्यासाठी ओलावा व अन्नद्रव्ये देते. प्रत्यक्ष तेल घडविण्याचे काम वनस्पतीच्या पेशीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या कारागिरांकडून होते. या कारागिरांना विकर किंवा एन्झाइम असे म्हणतात. त्यांचे काम कसे चालते हे समजले म्हणजे पेरणीची वेळ, गंधकाची मात्रा, तणनाशकाची निवड, काढणी आणि साठवण यांविषयीच्या शिफारशी कशासाठी केल्या जातात हेही आपोआप उमगते.

विकर म्हणजे काय?

मटकीला मोड आले की ती चवीला किंचित गोड लागते. दाण्यातील पिठूळ द्रव्याचे साखरेत रूपांतर झाल्याचे ते लक्षण होय. हे रूपांतर दाण्यातील विकर घडवून आणतात. विकर हे बहुतांशी प्रथिनांचे बनलेले असतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. साखर फोडणारा विकर तेल जोडत नाही आणि तेल जोडणारा विकर साखर फोडत नाही. काम करताना विकर स्वतः खर्ची पडत नाही. एक काम संपले की तोच विकर दुसऱ्या कणाकडे वळतो. म्हणूनच अगदी अल्प प्रमाणातील विकर मोठे काम पार पाडतात.

विकरांना काही गोष्टी मात्र अवश्य लागतात. पाणी लागते, योग्य उष्णतामान लागते आणि पुष्कळ विकरांना लोह, मॅग्नेशियम यांसारख्या धातूंची किंवा जीवनसत्त्वांची जोड लागते. उष्णता मर्यादेबाहेर गेली की प्रथिनाची घडी मोडते व विकर निकामी होतो. अंडे उकडल्यावर त्यातील पांढरा भाग गोठतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसाच हा प्रकार असतो.

शेवाळाची एक पेशी

उन्हाळ्यात शेततळ्याचे पाणी हिरवे दिसू लागते. ते हिरवेपण बहुधा एकपेशीय शेवाळामुळे आलेले असते. या शेवाळाला मूळ, खोड, पान किंवा बी यांपैकी काहीही नसते. त्याचा सर्व संसार एकाच पेशीत सामावलेला असतो आणि ती पेशी इतकी सूक्ष्म असते की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. एवढ्याशा पेशीत हरितलवक नावाचा एक हिरवा भाग असतो. सूर्यप्रकाश पकडून साखर करणे हे हरितलवकाचे काम आहे, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु मेदाम्ले घडविण्याचा कारखानाही तेथेच असतो, हे फारसे कोणास माहीत नसते.

मेदाम्ल म्हणजे तेलाचा मुख्य घटक. करडई, सोयाबीन, जवस, सूर्यफूल या सर्व पिकांतही मेदाम्ले लवकातच तयार होतात. शेवाळाच्या आणि पिकाच्या या लवकांचा उगम एकच आहे. अतिप्राचीन काळी एका पेशीने नील-हरित जीवाणू आपल्यात सामावून घेतला आणि त्याच्यापासून पुढे हरितलवक झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे शेततळ्यातील हिरव्या शेवाळात व बांधावरच्या करडईत मेदाम्ले घडविण्याची रीत जवळजवळ सारखीच आहे. शेवाळाची पेशी साधी असल्याने तिच्यात ही रीत अभ्यासणे सोपे जाते. शास्त्रज्ञांनी शेवाळाकडे विशेष लक्ष दिले, याचे हे एक कारण होय.

साखळी कशी विणली जाते?

मेदाम्ल ही कार्बनच्या कणांची लांब साखळी असते. बहुतेक खाद्यतेलांतील साखळ्यांत १६ किंवा १८ कार्बन असतात. ही साखळी एकदम तयार होत नाही. स्त्रीने माळ ओवताना एकेक मणी घालावा, त्याप्रमाणे पेशी दर फेरीस दोन कार्बनची भर घालते. म्हणूनच निसर्गातील मेदाम्लांत कार्बनची संख्या बहुधा समच आढळते.

या कामाची पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. साखरेपासून तयार झालेला दोन कार्बनचा तुकडा, ज्यास ॲसिटिल म्हणतात, तो जसाच्या तसा साखळीस जोडता येत नाही. प्रथम एक विकर त्याला कर्बवायूचा एक कण चिकटवितो. त्यामुळे तीन कार्बनचा मॅलोनिल हा तुकडा तयार होतो. या विकराचे नाव ॲसिटिल कार्बोक्सिलेज असे आहे. बायोटिन नावाचे जीवनसत्त्व त्याच्या अंगी असते आणि तेच कर्बवायूचा कण उचलून देते. मेदाम्ल घडविताना मॅलोनिलची गरज असते हा शोध सलीह वकील या शास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केला. मेदाम्ले व कोलेस्टेरॉल यांच्या घडणीविषयीच्या संशोधनाबद्दल कॉनराड ब्लॉख व फेओडोर लायनेन यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी पायरी वाहक प्रथिनाची. हे लहानसे प्रथिन वाढती साखळी आपल्या हाताशी धरून एका विकराकडून दुसऱ्या विकराकडे नेते. या हाताच्या टोकाशी गंधकाचा कण असतो आणि साखळी त्या गंधकालाच अडकविलेली असते. तेलबियांना गंधक का लागते, याचे एक कारण येथे स्पष्ट दिसते.

त्यानंतर चार कामे क्रमाने होतात. पहिल्या कामात मॅलोनिलचा तुकडा साखळीस जोडला जातो आणि जोडणी होताना आधी चिकटविलेला कर्बवायूचा कण सुटून जातो. त्या कणाचा उपयोग केवळ जोडणीस जोर मिळावा एवढ्यापुरताच असतो. दुसऱ्या कामात साखळीस हायड्रोजन मिळतो. तिसऱ्यात तिच्यातून पाण्याचा एक कण बाहेर पडतो. चौथ्यात पुन्हा हायड्रोजन मिळतो. एवढे झाले की साखळी दोन कार्बनने लांब होते आणि रहाटगाडग्याप्रमाणे पुढची फेरी सुरू होते. अशा सात फेऱ्या झाल्या की १६ कार्बनचे पामिटिक आम्ल तयार होते. आठवी फेरी झाली की १८ कार्बनचे स्टिअरिक आम्ल मिळते.

प्राण्यांच्या शरीरात ही सर्व कामे एकाच मोठ्या प्रथिनाच्या निरनिराळ्या भागांकडून होतात. शेवाळात व पिकांत मात्र प्रत्येक कामास स्वतंत्र विकर असतो.

प्रत्येक फेरीस शक्ती लागते. शेवाळाच्या पेशीत ती थेट सूर्यप्रकाशापासून मिळते. करडईचा दाणा बोंडाच्या आत कोंडलेला असतो. त्याला लागणारी साखर पानांकडून यावी लागते व ती जाळून शक्ती मिळवावी लागते. एक ग्रॅम तेल घडविण्यास सुमारे तीन ग्रॅम साखर खर्ची पडते, तर एक ग्रॅम पिठूळ द्रव्यास त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. याचा अर्थ असा की, तेलबियांचे पीक पानांवर फार अवलंबून असते. दाणा भरण्याच्या वेळी मावा, करपा किंवा तांबेरा यांनी पाने निकामी झाली तर साखरेचा पुरवठा तुटतो आणि दाणा सुरकुततो.

मेदाम्लापासून तेल

१८ कार्बनची साखळी तयार झाली की आणखी एक विकर तिच्या मध्यभागातून दोन हायड्रोजन काढून घेतो. त्या ठिकाणी दुहेरी जोड तयार होतो व ओलेइक आम्ल मिळते. या विकरास लोहाची गरज असते. पुढे ही साखळी लवकाबाहेर पडते. तेथे दुसरा विकर आणखी एक दुहेरी जोड घालतो व लिनोलिक आम्ल तयार होते. तिसरा दुहेरी जोड पडला की लिनोलेनिक आम्ल होते. शेवटी ग्लिसरॉलच्या एका कणास तीन मेदाम्ले जोडली जातात आणि तेल तयार होते. हे तेल पेशीत बारीक थेंबांच्या रूपाने साठते.

कोणत्या पिकात कोणता विकर किती काम करतो, यावर तेलाचा गुण ठरतो. करडईच्या सामान्य वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. सोयाबीनच्या तेलात ते सुमारे निम्मे असून लिनोलेनिक आम्ल ७ ते ८ टक्के असते. भुईमुगाच्या तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण अधिक असते. जवसात तिसरा दुहेरी जोड घालणारा विकर जोमाने काम करतो, म्हणून त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल सर्वांत जास्त असते. ते हवेत लवकर सुकते आणि त्यामुळे रंगकामात वापरले जाते.

मनुष्याच्या शरीरात लिनोलिक व लिनोलेनिक ही आम्ले घडविणारे विकर नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. समुद्रातील माशांच्या तेलाची ख्याती आहे, परंतु माशांच्या अंगातील उपयुक्त मेदाम्लेही मुळात सूक्ष्म शेवाळातच तयार झालेली असतात.

सोयाबीनच्या रानातील एक उदाहरण

मेदाम्लांच्या या कारखान्याशी औसा तालुक्यातील सोयाबीन उत्पादकांचा दर खरिपात प्रत्यक्ष संबंध येतो. सोयाबीनमधील गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप-इथाइल हे तणनाशक वापरले जाते. ते वर सांगितलेल्या ॲसिटिल कार्बोक्सिलेज या पहिल्याच विकरास बंद पाडते. मॅलोनिल तयार होत नाही, मेदाम्ल मिळत नाही, नव्या पेशींची आवरणे बनू शकत नाहीत आणि तणाचा कोवळा कोंब आतून कुजतो. फवारणीनंतर काही दिवसांनी मधले पान ओढल्यास ते सहज निघून येते. हे तणनाशक लागू पडल्याचे चिन्ह होय.

मग सोयाबीन कसे वाचते? गवतवर्गीय वनस्पतींच्या लवकात हा विकर एका मोठ्या अखंड प्रथिनाच्या रूपात असतो व तणनाशक त्यास नेमके जाऊन अडकते. सोयाबीनमध्ये तोच विकर निरनिराळ्या भागांचा मिळून बनलेला असतो आणि तणनाशकास त्यात जागा सापडत नाही. हिरव्या एकपेशीय शेवाळातील रचनाही सोयाबीनसारखीच असते.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, ज्वारी, बाजरी, मका व ऊस ही सर्व गवतवर्गातील पिके आहेत. वारा असताना फवारणी केल्यास शेजारच्या रानातील या पिकांस इजा होते. फवारणीचा पंप स्वच्छ न धुता त्याच पंपाने ज्वारीवर दुसरे औषध मारणेही धोक्याचे आहे. दुसरी, केना व लव्हाळा ही तणे गवतासारखी दिसली तरी गवतवर्गातील नाहीत. त्यांच्यावर या तणनाशकाचा परिणाम होत नाही, म्हणून मात्रा वाढवून पैसा वाया घालवू नये. तिसरी, एकाच प्रकारचे तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास त्यास दाद न देणारी तणे माजतात. कोळपणी व निंदणी यांना संपूर्ण रजा देणे म्हणूनच हितावह नाही.

शेवाळापासून मिळालेला धडा

शेवाळातील तेलापासून इंधन करावे या हेतूने अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात एक मोठा संशोधन कार्यक्रम चालविला. शेवाळास नत्र मिळेनासे झाले की त्याच्या पेशींची वाढ थांबते. नवीन प्रथिने करता येत नाहीत. तरी सूर्यप्रकाश पडतच असतो व कार्बन मिळतच असतो. तेव्हा पेशी तो कार्बन तेलाच्या रूपाने साठवू लागते आणि तिच्यातील तेलाचा टक्का वाढतो. आरंभी हा मोठा लाभ वाटला. परंतु हिशेब केला तेव्हा असे दिसले की, टक्का वाढतो पण वाढ थांबल्यामुळे शेवाळच कमी मिळते. एकूण तेलाचे उत्पादन काही वाढत नाही.

याच कार्यक्रमात दुसरा प्रयोग झाला. पहिला विकर अधिक असला तर तेल अधिक मिळेल, या कल्पनेने एका सूक्ष्म शेवाळात ॲसिटिल कार्बोक्सिलेज हा विकर मुद्दाम वाढविण्यात आला. विकर वाढला, परंतु तेल वाढले नाही. चार बैलगाड्यांच्या रांगेतील एकाच गाडीचे बैल बदलले म्हणून सारी रांग लवकर पोचत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तेलबियांच्या शेतीस हा धडा तंतोतंत लागू पडतो. नत्र प्रमाणाबाहेर दिल्यास दाण्यात प्रथिने वाढतात व तेलाचा टक्का उतरतो. नत्र अजिबात न दिल्यास पीकच खुरटते. शेतकऱ्याचा लाभ केवळ टक्क्यावर नसून हेक्टरी किती तेल निघाले यावर असतो आणि त्यासाठी पिकाची वाढ व दाण्याची भरणी ही दोन्ही साधावी लागतात.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. तेल वाढविणारे विकर म्हणून किंवा समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून अनेक द्रावणे बाजारात विकली जातात. पानावर फवारलेले प्रथिन दाण्याच्या लवकात जाऊन काम करू शकत नाही. पिकाला लागणारे विकर पीक स्वतःच तयार करते. समुद्री शेवाळाच्या अर्कासारख्या जैव उत्तेजकांचा समावेश २०२१ साली खत नियंत्रण आदेशात करण्यात आला आहे. तेव्हा असे द्रावण घेण्यापूर्वी त्याची नोंदणी पाहावी, पक्की पावती घ्यावी आणि आधी लहानशा तुकड्यावर अनुभव घ्यावा. ओलावा व गंधक यांची उणीव अशा बाटलीने भरून निघत नाही.

औशाच्या रानात काय करावे?

औशाच्या भुईकोट किल्ल्याभोवतालच्या काळ्या रानांपासून तेरणेकाठच्या भारी जमिनींपर्यंत रब्बीचे पीक मुख्यतः साठलेल्या ओलीवर येते. करडईचे सोटमूळ खोल जात असल्याने ते या ओलीचा चांगला उपयोग करते. तरीही फुलोऱ्यानंतरचे चार-पाच आठवडे फार नाजूक असतात. दाण्यातील तेल याच काळात झपाट्याने भरते. या वेळी विकरांना पाणी व साखर मिळाली पाहिजे.

पेरणी. कोरडवाहू करडईची पेरणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करावी. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. हेक्टरी १० ते १२ किलो बियाणे पुरेसे होते. सोयाबीनच्या काढणीस उशीर झाला की करडईची पेरणी लांबते. तसे झाल्यास दाणा भरण्याच्या वेळी ओल संपते, उष्णता वाढते व माव्याचा उपद्रवही अधिक होतो. म्हणून करडई घ्यावयाची असल्यास तिच्या आधी सोयाबीनचा लवकर तयार होणारा वाण निवडावा.

वाण. परभणी येथील कृषी विद्यापीठाने करडईचे परभणी कुसुम आणि पूर्णा हे वाण दिले आहेत. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले असून त्याचे लातूर येथील तेलबिया संशोधन केंद्र या भागातील तेलबियांवर काम करते. जवसाचा एलएसएल-९३ व सूर्यफुलाचा एलएसएफएच-१७१ हा संकरित वाण ही त्या केंद्राची देणगी होय. वाण निवडताना टरफलाची जाडीही पाहावी. करडईच्या दाण्यात टरफलाचा भाग मोठा असतो व तेल असते ते आतल्या गरात. टरफल पातळ असेल तर तेलाचा टक्का आपोआप वाढतो.

ओलीचे रक्षण. वेळेवर विरळणी करावी. दाट राहिलेली रोपे ओल वाटून घेतात आणि कोणाचेच बोंड नीट भरत नाही. दोन कोळपण्या द्याव्यात. काळ्या जमिनीस भेगा पडू लागल्या की कोळपणीने त्या बुजवाव्यात. शेततळ्यात पाणी असेल तर जमिनीस भेगा पडण्यापूर्वी, फुलोऱ्याच्या सुमारास, एक संरक्षित पाणी हलके द्यावे. भारी जमिनीत पाणी साचू देऊ नये, कारण करडईस मर व मूळकूज लवकर होते.

गंधक. स्फुरदासाठी केवळ डीएपी वापरल्यास पिकास गंधक मिळत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद व सुमारे ११ टक्के गंधक असते. ५० किलोच्या एका गोणीतून सुमारे ८ किलो स्फुरद व साडेपाच किलो गंधक मिळते. कोरडवाहू करडईस हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद द्यावयाचे असते. हे स्फुरद अडीच गोण्या सुपर फॉस्फेटमधून दिले तर त्याबरोबर सुमारे १४ किलो गंधक जमिनीस मिळते. सोयाबीनसाठी हेक्टरी २० ते ३० किलो गंधक पुरेसे असते. चार गोण्यांतून २२ किलो मिळते. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत गंधकाखेरीज लोह व जस्त यांचीही उणीव अनेक ठिकाणी आढळते. माती परीक्षण करून मगच त्यांची मात्रा ठरवावी.

पानांची राखण. दाणा भरेपर्यंत पाने हिरवी राहिली पाहिजेत. माव्याची पहिली लागण बहुधा शेताच्या कडेच्या झाडांवर दिसते. शेतकऱ्यांनी बांधावरून फेरी मारताना ही झाडे बारकाईने पाहावीत व प्रादुर्भाव आढळताच कृषी विभागाच्या सल्ल्याने उपाय योजावेत.

काढणी व साठवण

विकरांचे काम पूर्ण होण्यापूर्वी काढलेल्या दाण्यात साखर तशीच राहते, तेल पूर्ण भरत नाही आणि वाळल्यावर दाणा सुरकुततो. पाने व बोंडे पिवळी पडून वाळल्यावरच करडईची काढणी करावी. सकाळी हवेत दमटपणा असताना काढणी केल्यास काटे कमी टोचतात व दाणे गळत नाहीत. कापणी-मळणी यंत्राची सोय असल्यास काट्यांचा त्रास पुष्कळ वाचतो.

काढणीनंतर विकरांची दुसरी बाजू समोर येते. बीज उगवताना कोंबास अन्न मिळावे म्हणून दाण्यात तेल फोडणारे विकरही असतात. त्यांना लायपेज म्हणतात. ओल मिळाली की ते जागे होतात, ग्लिसरॉलपासून मेदाम्ले सुटी करतात आणि तेलाचे आम्लपण वाढते. पुढे हवेशी संयोग होऊन तेलास खवट वास येतो. परतीच्या पावसात सोयाबीनचे ढीग भिजले की नेमके हेच घडते. दाणा काळवंडतो, भाव पडतो व बियाणे म्हणूनही तो निरुपयोगी ठरतो.

यासाठी ढीग उंचवट्यावर रचावा व ताडपत्रीने झाकावा. पावसानंतर ऊन पडताच ढीग उघडून हवा लागू द्यावी. सोयाबीनचे टरफल नाजूक असते व फुटलेल्या दाण्यात हे विकर अधिक लवकर काम करू लागतात. म्हणून बियाण्याची मळणी करताना यंत्राच्या फेऱ्या मिनिटास ३५० ते ४०० यांपेक्षा अधिक ठेवू नयेत. सोयाबीन १२ टक्क्यांपेक्षा कमी व करडई ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा येईपर्यंत वाळवावी. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि बियाण्याच्या सोयाबीनची थप्पी पाच पोत्यांपेक्षा उंच करू नये. लाकडी घाण्यावर गाळावयाची करडईही नीट वाळलेली असावी. ओलसर दाण्याचे तेल फार दिवस टिकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय गावात समजावून देताना एक सोपे प्रात्यक्षिक करता येईल. वेळेवर पेरलेल्या व पूर्ण पक्व झालेल्या करडईचे दहा दाणे आणि उशिरा पेरलेल्या किंवा कच्च्या काढलेल्या करडईचे दहा दाणे घ्यावेत. टरफल काढून त्यांचा गर दोन कोऱ्या कागदांवर सारख्या जोराने दाबावा. भरलेल्या दाण्यांचा तेलकट डाग मोठा व स्पष्ट उमटतो, सुरकुतलेल्या दाण्यांचा लहान व फिकट. यावरून नेमका टक्का कळत नाही, पण दाणा भरणे व न भरणे यांतील भेद शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

भारतास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आजही परदेशातून येते. हे अवलंबन कमी करण्यासाठी केंद्र शासनाने १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान हाती घेतले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यतेल-तेलबिया राष्ट्रीय अभियानास मंजुरी देण्यात आली असून ते २०३०-३१ पर्यंत चालावयाचे आहे. अशा अभियानांचे यश शेवटी बोंडातील दाणा भरण्यावरच अवलंबून राहते. दाण्यातील विकरांचे काम शेतकरी स्वतः करू शकत नाही. त्यांना वेळेवर ओल, पुरेसे गंधक, हिरवी पाने आणि पक्व होण्यास लागणारा अवधी मिळवून देणे मात्र त्याच्या हाती आहे. येत्या रब्बीत प्रत्येक गावातील निदान एका शेतकऱ्याने एका एकरावर तरी या पद्धतीने करडई घ्यावी आणि तिचा उतारा शेजाऱ्यांच्या उताऱ्याशी ताडून पाहावा.